आधी कोण उभा होता

खोऱ्यातल्या गावांत तियान गुआंगफाची ख्याती अशी होती की हा पंच चेंडूकडे बघतच नाही. कोर्टावरचे दहा खेळाडू, भोवतीच्या पायऱ्यांवर बसलेली माणसं, छपरांवर चढलेली पोरं, सगळ्यांच्या माना चेंडूबरोबर फिरत असायच्या आणि एकटा तियान मान खाली घालून कुणाच्या तरी बुटांकडे टक लावून बघत असायचा. नवख्याला वाटे, म्हाताऱ्याचं काहीतरी पडलंय आणि तो ते शोधतोय.

धंद्याने तो सुतार. डोंगरउतारावर लाकडी खांबांवर घरं उभी करण्यात त्याची हयात गेली होती. साठी उलटली तरी वाशावर चढायचा, बायको खालून शिव्या घालायची आणि तो वरून हसायचा. पंचाची शिट्टी त्याने ओळंब्याच्या जुन्या दोरीत ओवून गळ्यात घातली होती. नव्या भाताच्या सणाला बास्केटबॉलचे सामने असत. आजोबा-पणजोबांपासून ही रीत होती, आणि अंतिम सामन्याला शिट्टी तियानचीच, हीही आता रीतच झाली होती. तो नदीपलीकडच्या वाडीचा. त्याची वाडी कधी अंतिम फेरीत पोचलीच नाही, त्यामुळे त्याच्यावर पक्षपाताचा आळ घ्यायची सोयही कुणाला नव्हती.

त्याच्याबरोबर दुसरी शिट्टी हुआमेईची. ही बाजारात नूडल्सची गाडी चालवायची. जीभ तिखट आणि नियम तोंडपाठ. तिला पंचाचं काम शिकवलं तेही तियाननेच, तिच्याच गाडीपाशी, वाडग्यात चॉपस्टिक्स उभ्या धरून.

"ही काडी म्हणजे अडवणारा," तो म्हणाला होता. "दोन्ही पाय जमिनीवर रोवले, छाती समोरच्याकडे केली, की पायापासून आभाळापर्यंतची जागा त्याची. ते त्याचं घर. दुसरा धावत येऊन त्यात घुसला तर चूक घुसणाऱ्याची. चार्ज."

"आणि समोरचा धावत येतोय हे बघून हा आयत्या वेळी आडवा आला तर?"

"मग घर बांधलं कधी? चूक याची. आणि समोरच्याने उडी मारल्यावर हा त्याच्याखाली जाऊन उभा राहिला, तरी चूक याचीच. हवेतल्या माणसाला जमिनीवर परत यायला जागा लागते."

"पण काका, दोघं धाडकन आपटतात, दोघं पडतात, दोघं बोंबलतात. कळायचं कसं?"

"कोण पडला, कोण बोंबलला ते बघायचंच नाही. पडायला काय, काही जण वारा लागला तरी पडतात. आधी कोण उभा होता, एवढंच बघायचं. चेंडू बघशील तर हे कधी दिसणार नाही."

"म्हणजे आयुष्यभर लोकांचे बूट बघायचे."

"नूडल्स विकताना तरी तू लोकांची तोंडं कुठे बघतेस?"

त्या वर्षी सणाचे सामने फांगशी गावात होते. फांगशीला तियान अनेकदा आला होता. गावातली निम्मी घरं त्याच्या हातची. पण गेली तीन वर्षं तो गावात शिरताना जरा मान वळवून शिरायचा. कारण वेशीवरच्या पुलापलीकडे एक खोपट होतं आणि त्या खोपटात बाओ होता.

बाओ म्हणजे आंगकाकूचा एकुलता एक मुलगा. फांगशीच्या संघात अकरा नंबरचा सदरा घालायचा. त्याला चेंडू टाकता येत नसे, धावायलाही तो जड. पण बास्केटच्या डाव्या अंगाला एकदा पाय रोवून उभा राहिला की हलत नसे. बैलासारखे अंगावर येणारे गडी त्याच्या छातीवर आदळून मागे पडायचे, तियानची शिट्टी वाजायची आणि बाओ पाठीवर पडल्यापडल्या दात काढून हसायचा. त्याचं डावं पाऊल किंचित बाहेर फाकलेलं असे. तियानने दहा वर्षं ती पावलं बघितली होती. बाओचा चेहरा त्याला नीटसा आठवला नसता, पावलं मात्र अंधारातही ओळखता आली असती. गाव त्याला खांब म्हणायचं.

हा खांब समुद्राकडच्या शहरात इमारतीच्या कामावर गेला आणि परांचीवरून पडला. परत आली ती राखेची पेटी, आणि ती राहिली पुलापलीकडच्या त्या खोपटात.

आमच्या खोऱ्यात असं बाहेर, अवेळी मेलेल्याला गावात घेत नाहीत. घरात तर नाहीच. असा जीव रागावलेला असतो, आपल्याबरोबर आणखी दोघाचौघांना ओढून नेतो, असं म्हणतात. त्याला आत घ्यायचं तर साऱ्या गावाने एका तोंडाने म्हणावं लागतं, हा आमचा आहे, आत आहे. मगच भगत पितरांच्या ओळीत त्याचं नाव पुकारतो. फांगशीचा भगत लुओआबा. तीन सणांना त्याने गावाला विचारलं आणि तिन्ही वेळा गावाने खाली बघितलं. वाईट कुणी नव्हतं. सगळ्यांना लेकरंबाळं होती आणि सगळे घाबरले होते.

म्हणून नव्या भाताच्या दिवशी घराघरात पितरांना पहिला वाडगा ठेवला जाई, तेव्हा आंगकाकू आपला वाडगा पदराखाली झाकून पूल ओलांडायची आणि खोपटाच्या दाराशी ठेवून यायची. तिचं घर उभारलं तेव्हापासून तियानचं तिच्याकडे जाणंयेणं होतं. आदल्या संध्याकाळी ती त्याला वाटेत भेटली, तेव्हा तोंड एवढंसं झालेलं.

"मिस्त्री, यंदा छातीत कळा येतात हो माझ्या," ती म्हणाली. "मी गेले तर त्याला वाडगा कोण नेईल? मी पितरांत जाईन आणि पोर पुलापलीकडे. तिथेही भेट नाही."

"वहिनी, लुओआबाला मी बोलून बघू का?"

"आबा काय करणार? गावाचं तोंड उघडायला पाहिजे."

तियानला त्या रात्री झोप लागली नाही आणि उजाडताच तो कोर्ट बघायला गेला.

कोर्ट गावाच्या मधोमध, सिमेंटचं. भाताच्या खाचरांवरून धुकं उतरलं होतं आणि दवाने सगळं सिमेंट काळंओलं झालं होतं. तियान नेहमीसारखा खाली बघत रेषा तपासत निघाला. फांगशीचा संघ राखायचा त्या बास्केटच्या डाव्या अंगाला आला आणि थबकला.

तिथे दोन डाग कोरडे होते. पावलांच्या आकाराचे, खांद्याएवढं अंतर राखून, पुढची बाजू मैदानाकडे. कुणीतरी दव पडायच्या आधीपासून तिथे उभं असावं, तसे. डावा डाग किंचित बाहेर फाकलेला होता.

त्याने इकडेतिकडे पाहिलं. कोर्टावर चिटपाखरू नव्हतं. त्याने वाकून डाव्या डागावर तळहात ठेवला आणि झटकन काढून घेतला. सिमेंट गार असायला हवं होतं. ते गार नव्हतं. ऊन वर आलं, दव उडून गेलं, डागही कळेनासे झाले. तियान तिथून हलला तेव्हा नकळत त्या जागेला वळसा घालून गेला.

सामना दुपारी लागला. फांगशी विरुद्ध लांगदू, बक्षीस शिंगांना लाल फित बांधलेला बैल. बैल कोर्टाच्या कडेलाच बांधला होता आणि फांगशीची पोरं सकाळपासून त्याला आपलाच समजून गवत घालत होती. माणसांनी पायऱ्या, गच्च्या, झाडं सगळं भरून गेलं होतं. आंगकाकू खालच्या पायरीवर टोकाला बसली होती. तिच्याशेजारची जागा तेवढी रिकामी होती. शोक लागू नये म्हणून लोक जरा अंतर ठेवत.

पहिल्या अर्ध्यातच तियानला खटकलं. लांगदूचे खेळाडू डावीकडून आत शिरतच नव्हते. मोकळी वाट दिसायची, गडी वेगात यायचा आणि त्या जागेपाशी येताच पाय अडखळल्यासारखा बाहेर वळायचा. एकदा सुटलेला चेंडू उसळत तिकडे गेला आणि उतार नसताना आलेल्या वाटेने परत आला. कडेचा बैल त्या बास्केटकडे बघून फुरफुरत होता.

मधल्या वेळेत हुआमेई पाण्याची बाटली घेऊन आली.

"काका, तुम्ही आज रिकाम्या जमिनीकडे का बघताय? बूट संपले का लोकांचे?"

"तुला तिथे काही दिसतं?"

"कुठे?"

"काही नाही. जा, शिट्टी पूस."

ती गेली, पण दोनदा मागे वळून बघत गेली.

खोऱ्यातल्या रीतीप्रमाणे बाजू न बदलता दुसरा अर्धा सुरू झाला तेव्हा ऊन कलून कोर्टावर सावल्या लांबल्या होत्या. तियानने सवयीने सावल्या मोजल्या. फांगशीच्या पाच, लांगदूच्या पाच, दोन पंचांच्या. आणि डाव्या अंगाला एक, जिच्या वर कुणीच नव्हतं. त्याने डोळे चोळले. सावली तिथेच होती, आणि तिच्या मुळाशी, हळूहळू, दोन बूट दिसू लागले. जुने पांढरे, तांबड्या दोऱ्याने शिवलेले. त्याहून वर बघायची त्याची हिंमत झाली नाही. पण पंचाला वर बघावं लागतं. छाती समोर आहे की नाही, हे पायांवरून कळत नाही. त्याने नजर उचलली. छाती समोर होती. सदऱ्यावर अकरा नंबर होता.

तियानला भीती वाटली हे खरंच, पण त्याहून जास्त त्याला वाईट वाटलं. एवढं मरूनही पोरगं आपल्या गावाची बास्केट राखत होतं.

शेवटचे काही क्षण उरले तेव्हा फांगशी एका गुणाने पुढे होतं. चेंडू लांगदूच्या शिलेईकडे आला. हा खोऱ्यातला सगळ्यात चपळ गडी. त्याने एकाला चकवलं, दुसऱ्याला खांद्यावरून मागे टाकलं, आणि डावी वाट मोकळी दिसताच, सामनाभर जिकडे कुणी गेलं नव्हतं तिकडे तो घुसला. त्याने उडी घेतली आणि हवेतच कशावर तरी आदळला. छातीवर छाती आपटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. शिलेई मागे फेकला जाऊन पाठीवर पडला. हातातून सुटलेला चेंडू बास्केटमध्ये पडला आणि वेळ संपली.

लांगदूकर नाचायला लागले. तियानची शिट्टी वाजली, आणि तो मुठीने तळहातावर ठोसा मारून उभा राहिला. चार्ज. बास्केट रद्द.

मग लांगदूचा कॅप्टन धावत आला.

"अहो म्हातारबा, डोकं ठिकाणावर आहे ना? कुणावर चार्ज? तिथे होतं कोण?"

"अकरा नंबर," तियान म्हणाला.

"फांगशीकडे अकरा नंबर नाहीच!"

हे खरं होतं. तीन वर्षं तो सदरा कुणी घातला नव्हता. पायऱ्यांवरून कुजबुज उठली आणि बायकांनी मुलं जवळ ओढली. हुआमेई तियानच्या कानाशी आली.

"काका, तुमच्या पाया पडते. उन्हाने भोवळ आली म्हणा आणि शिट्टी मागे घ्या. दंगा होईल."

"हुआमेई, शिलेईने उडी मारायच्या आधी तो उभा होता का, एवढं विचार."

तिने रिकाम्या जागेकडे बघितलं. "होता का?"

"सकाळपासून उभा होता."

शिलेई अजून खालीच बसला होता. कॅप्टनने त्याला ओरडून विचारलं, "सांग ना रे, घसरलास ना तू?" शिलेईने सदरा वर केला. त्याच्या छातीवर लालबुंद वळ उठला होता. रुंद, दोन हात एकमेकांवर धरून छाती राखणाऱ्या माणसाच्या हातांसारखा. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"घसरलो नाही," तो म्हणाला. "लागला मला कोणीतरी. चार वर्षांपूर्वी असाच लागला होता. इथेच."

तियान कोर्टाच्या मधोमध गेला. तो काही भाषण करणारा माणूस नव्हता. पण शिट्टी मारली की सांगावं लागतं.

"लांगदू म्हणतं तिथे कुणी नव्हतं," तो मोठ्याने म्हणाला. "मी म्हणतो बाओ होता. मी म्हातारा माणूस, माझी नजर चुकू शकते. फांगशी सांगू दे. नव्हता म्हणाल तर बास्केट धरतो, सामना लांगदूचा. होता म्हणाल तर चार्ज. बोला."

मग फांगशीच्या संघातलाच एक जण, बाओबरोबर खेळलेला, घोगऱ्या आवाजात ओरडला, "होता! आमचा खांब होता!" आणि बांध फुटावा तसं झालं. "होता! बाओ होता! आमचाच आहे तो! आत होता!" पायऱ्या, गच्च्या, झाडं, सगळीकडून. बैल हातचा जाऊ नये म्हणून ओरडणारे त्यात कितीतरी होते, आणि ओरडता ओरडता रडणारेही होते. तीन वर्षं मिटलेलं तोंड उघडलं ते एकदम उघडलं. लुओआबासुद्धा काठी आपटत उभा राहून ओरडत होता. आंगकाकू तेवढी गप्प होती. दोन्ही हात तोंडावर धरून ती त्या रिकाम्या जागेकडे बघत होती.

"ठीक," तियान म्हणाला. "चार्ज."

फांगशीची पोरं बैलाकडे धावली आणि तेवढ्यात दुसरी शिट्टी वाजली. हुआमेईची. तिने हात वर धरला होता.

"काका," ती म्हणाली, "बाओ होता, तर मग फांगशीची माणसं किती होती कोर्टावर?"

तियानने तिच्याकडे बघितलं. तिला शिकवलं ते फुकट गेलं नव्हतं.

"सहा," तो म्हणाला.

सहावा माणूस कोर्टावर आला तर संघाला फाउल आणि समोरच्याला दोन फ्री थ्रो. आमच्या खोऱ्यात अजून हाच जुना नियम आहे, आणि तो शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बैलाला हात लावलेली पोरं तशीच उभी राहिली. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "मग नव्हता म्हणू या की! कुणी पाहिलंय त्याला?" दुसरं कुणी म्हणालं, "हो हो, गंमत केली आपण."

डाव्या अंगाची सावली त्या शब्दाबरोबर जराशी मागे सरकली. तियानने ते पाहिलं. पाऊल मागे घेतलेला बाओ त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

लुओआबा पायऱ्या उतरून आला. सावकाश, काठी टेकत. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. तो आंगकाकूपाशी थांबला, मग गावाकडे वळला.

"चावटपणा पुरे," आबा म्हणाला. "पितर जेवायला घरी आलेत आज. त्यांच्या कानावर घातलंत ना, आमचा आहे, आत आहे म्हणून? आता गिळता येणार नाही ते. गिळाल तर पुढल्या वर्षी पितर तुमचा भात गिळतील. बैल सोडा. दोन फ्री थ्रो द्या त्यांना."

शिलेई फ्री थ्रोच्या रेषेवर आला. चेंडू हातात घेण्याआधी तो डाव्या अंगाला गेला आणि पडलेल्या माणसाला उठवायला देतात तसा हात त्याने रिकाम्या हवेत पुढे केला. थोडा वेळ धरून ठेवला, मग ओढल्यासारखा वर घेतला. कुणीही हसलं नाही. नंतर त्याने दोन्ही चेंडू बास्केटमध्ये टाकले. फांगशी एका गुणाने हरलं.

ऊन मावळायच्या आत लोक पुलापलीकडे गेले. पेटी आंगकाकूला उचलू दिली नाही, संघातल्या पोरांनी उचलली. हरलेली पोरं, पण पाय जपून टाकत होती. लुओआबाने वेशीवर कोंबडा फिरवला, दारू शिंपडली आणि बाओचं नाव बापाच्या आणि आजोबाच्या नावामागे लावून तीनदा पुकारलं. लांगदूकरांनी मागच्या मागे बैल नेला नाही. दुसऱ्या दिवशी नेऊ म्हणाले आणि जेवायला थांबले.

तियान आंगकाकूच्या घरी शेवटी पोचला. हे घर त्यानेच उभं केलं होतं, आणि मधला मेपलचा खांब त्याने स्वतः डोंगरातून निवडून आणला होता. आमच्याकडे घरातले पितर त्याच खांबापाशी असतात. त्यामुळे वाडगा तिथेच ठेवायचा. काकूने खांबाभोवतीची फळ्यांची जमीन दिवा लागायच्या आधी ओल्या फडक्याने पुसून घेतली होती. हातात भाताचा वाडगा, वर मासा, आणि ती तशीच उभी होती.

"मिस्त्री," ती हळूच म्हणाली, "इकडे या. वाडगा कुठे ठेवू कळत नाही."

ओल्या फळ्यांवर, खांबाला लागून, दोन कोरडी पावलं उमटली होती. डावं जरा बाहेर फाकलेलं. सकाळी ती बाहेर मैदानाकडे तोंड करून होती. आता त्यांचं तोंड आत, चुलीकडे होतं.

खाली बघायची तियानला सवय होती, त्याने नीट बघितलं.

"फळ्या मी आत्ता पुसल्या हो," काकू म्हणाली. "ही पुसायच्या आधीची की नंतरची?"

"आधीची, वहिनी," तियान म्हणाला. "तो आधीपासून उभा आहे. वाडगा त्याच्या पुढ्यात ठेवा."

तिने वाडगा ठेवला आणि शेजारी बसली. तियानही बसला, पण जरा बाजूला, मायलेकांना जागा सोडून.